राहून गेलेलं कुरण

माझ्या मावशीच्या यजमानांना सगळं गाव 'सावकाश' म्हणायचं. तोंडावर नाही, पण पाठीमागे सगळेच. ते डोंगरातल्या रस्त्यावर प्रवाशांची बस चालवायचे आणि दर वळणाला गियर बदलताना स्वतःशीच 'सावकाश, सावकाश' असं पुटपुटायचे. समोर माइक असायचा, त्यामुळे ते पुटपुटणं बावीसच्या बावीस प्रवाशांना ऐकू जायचं. सत्तावीस उन्हाळ्यांत त्यांच्या बसमध्ये कुणाला साधं खरचटलंही नाही. परतायला उशीर मात्र रोज व्हायचा.

मी त्यांना काका म्हणते. माझी आई मावशीची थोरली बहीण. आमच्या घरापासून त्यांचं गाव चार तासांवर होतं आणि शाळेला सुट्टी लागली की मला तिकडे धाडून आई मोकळी व्हायची. मावशीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे माझे लाडही व्हायचे आणि कामालाही मी हाताशी असायचे.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. वरचा रस्ता वर्षातून चारच महिने उघडा, बाकीचा काळ बर्फाखाली. ते आठ महिने काका बसमालकांच्या गॅरेजमध्ये बसगाड्या खोलून पुन्हा जोडत बसायचे. पण खरं आयुष्य त्या चार महिन्यांचं. सकाळी साडेआठला स्टँडवरून बस सुटायची. नदीवरचा पूल, मग बोगदा, मग चौदा वळणं, मग तळं आणि शेवटी वरचं कुरण, जिथे बर्फ वितळला की मैलभर फुलंच फुलं असायची. बस जायची ती कुरणाच्या पायथ्यापर्यंत. तिथून दगडी पायऱ्यांची चढण, धट्टाकट्टा माणूस असेल तर पाऊण तासाची.

काकांचं एक ठरलेलं भाषण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, नोकरी नवी असताना, रोज दाढी करताना आरशासमोर म्हणून म्हणून त्यांनी ते पाठ केलं होतं. पुलावर आलं की नदी किती खोल ते सांगायचं. बोगद्यापाशी तो खणायला साडेचार वर्षं लागली ते. सातव्या वळणावर 'आता सगळ्यांनी डावीकडे बघा, मी सोडून'. लोक हसायचे. आणि कुरणाच्या पायथ्याशी बस थांबली की हँडब्रेक ओढून सगळ्यात शेवटी ते म्हणायचे, "माझी बायको पहिल्यांदा इथे आली तेव्हा इथून हलायलाच तयार नव्हती. शेवटी मी म्हटलं, बरं, राहा, उद्याच्या फेरीला न्यायला येतो. तेव्हा कुठे बसमध्ये चढली. पण घर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मंडळी, बरोबर दोन तासांनी परत या." बस पुन्हा हसायची आणि माणसं भराभरा उतरून पायऱ्यांना लागायची.

मी हे किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. दहा-अकरा वर्षांची असताना इंजिनाच्या झाकणावर घोंगडीची घडी घालून मला बसवायचे. बाजूला काका, समोर नुसता रस्ता. त्या जागेवर बसलं की मला मी कुणीतरी मोठी असल्यासारखं वाटायचं.

मावशीची बाग स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याला लागून होती. घर म्हणजे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि पुढे घराच्या तिप्पट मोकळी जागा. ती जागा आधी नुसती दगडगोट्यांची होती. मावशीने ती हाताने वेचून काढली. पहिल्या वर्षी तिने कुंपणाला वेली लावल्या, मग गुलाब, मग डेलिया, मग फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी फ्लॉक्सचे ताटवे. ती झाडांशी बोलायची नाही. लोक सांगतात ना की अमुक बाई झाडांशी गप्पा मारते, तसलं काही नाही. ती गुपचूप काम करायची आणि मध्येच एखाद्या झाडावर वैतागायची. "याला काय कमी केलंय मी," असं म्हणून पुन्हा खुरपं हातात घ्यायची. उकिडवं बसून, ओल्या मातीत, सकाळी दोन तास आणि उन्हं उतरल्यावर दोन तास.

एकदा परतीच्या वाटेवर काकांच्या बसचं रेडिएटर नेमकं घरासमोर तापलं. बस थांबली, माणसं खाली उतरली आणि कुंपणाला लागली. मावशी पाइपने पाणी घालत होती. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि फाटक उघडून सगळ्यांना आत घेतलं. अर्धा तास ती माणसं बागेत फिरली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मालकांना पत्रच पाठवलं, की दिवसभरात डोंगर पुष्कळ पाहिले, पण घरी येऊन आठवली ती ड्रायव्हरच्या घरची बाग.

मालक हुशार माणूस. आठवड्याच्या आत बागेचा थांबा ठरला, रोज चार वाजता, पंधरा मिनिटं. पुढच्या उन्हाळ्यात छापील पत्रकच निघालं: 'डोंगरातली उन्हाळी फेरी आणि घरच्या बागेतला बहर'. काकांनी त्याची एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यांना इतका आनंद झाला होता, की मालकांनी पगार वाढवला असता तरी तेवढा झाला नसता. बायकोची मेहनत लोकांपुढे आली, असं ते ज्याला त्याला सांगत. आणि ते खरंही होतं. मावशीलाही सुरुवातीला बरं वाटलं. साडेतीन वाजले की ती हातपाय धुऊन, कपडे बदलून फाटकाशी उभी राहायची. हे फूल कोणतं, याला ऊन किती लागतं, कंद कधी काढायचे, सगळं सांगायची. प्रवाशांपैकी कुणी ना कुणी हमखास म्हणायचं, "तुमचं नशीब हो, रोज हे डोंगर दाराशी." मावशी म्हणायची, "हो ना."

खरं तर तिच्या दारातून डोंगर दिसायचाच नाही. समोर लाकडाच्या वखारीचं लांबलचक छप्पर होतं आणि त्याच्यामागे गावची टेकडी.

आणि कुणीतरी दुसरंही एक म्हणायचं. "तुम्ही म्हणे कुरणावरून हलायलाच तयार नव्हतात." मावशी त्यावर नुसती हसायची.

हे मी शेजारी उभी राहून ऐकलं आहे. तिचं ते हसू मी पाहिलं आहे. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही, मुलांना दिसतही नाही. पण आणखी एक गोष्ट मला आज टोचते. मी बसमध्ये निघाले की मावशी हातात डबा द्यायची आणि म्हणायची, "नीट बघून ये आणि मला सांग." संध्याकाळी मी परत आले की ती बागेतच असायची. वर बघून विचारायची, "काय काय पाहिलंस?" मी म्हणायचे, "छान होतं," आणि शेजारच्या मुलींकडे खेळायला पळायचे. पाच-सहा उन्हाळे तिने मला विचारलं आणि पाच-सहा उन्हाळे मी 'छान होतं' एवढंच सांगितलं.

पुढे मी मोठी झाले, औषधांच्या दुकानात नोकरीला लागले आणि मावशीकडे जाणं दोन-चार दिवसांवर आलं. काका साठाव्या वर्षी निवृत्त झाले. मालकांनी हार न घालता एक चांगलं घड्याळ दिलं, भाषण केलं आणि सावकाश हे नाव पहिल्यांदाच माइकवरून, तोंडावर घेतलं. काका लाजले. बस दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली, पण बागेचा थांबा तसाच राहिला.

मावशीचे गुडघे तोवर पार गेले होते. ती स्टुलावर बसून खुरपायची आणि उठायचं झालं की कुंपणाचा खांब धरायची. मी गोळ्या, मलमं घेऊन जायचे. मावशी ती कपाटात ओळीने लावून ठेवायची, वापरायची मात्र मन झालं तर.

काका निवृत्त होऊन दुसरा उन्हाळा लागला तेव्हा मी चार दिवस गेले होते. चारची बस येऊन गेली होती. मावशी पायरीवर गुडघे चोळत बसली होती, काका आत खुर्ची दुरुस्त करत होते. बोलता बोलता मी विचारलं, वरचं कुरण अजून तसंच आहे का गं, पायऱ्यांपर्यंत फुलं येतात का अजून?

मावशी म्हणाली, "मला काय माहीत. मी कुठे गेलेय."

मला वाटलं ती हल्लीचं म्हणतेय. मी म्हटलं, हल्ली नाही गं, तू पहिल्यांदा गेली होतीस तेव्हा कसं होतं? हलायला तयार नव्हतीस ना?

आतला हातोडीचा आवाज थांबला.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "ती तुझ्या काकांची गंमत होती. मी कधीच गेले नाही."

काका दारात आले. हातात हातोडी तशीच. ते म्हणाले, "असं कसं? पहिल्या उन्हाळ्यात तू आली होतीस. पुढच्या सीटवर बसली होतीस. मला चांगलं आठवतंय."

"बसले होते," मावशी म्हणाली. "उतरलेही होते. बस सुटायच्या आधी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुधाचा हिशोब चुकला तर सांगावं तसं तिने सांगितलं. काका तिथेच उभे राहिले. ते आठवायचा प्रयत्न करत होते हे दिसत होतं आणि मग आठवलं तेही दिसलं. चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरावं तसं झालं. ते इतकंच म्हणाले, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"लोक हसायचे. तुम्हीही हसायचात. मध्येच काय सांगायचं?"

त्या माणसाने एक गंमत रचली होती, प्रवाशांना हसवायला. दिवसातून एकदा, उन्हाळ्यातले शंभरेक दिवस, सत्तावीस वर्षं ती सांगितली आणि सांगता सांगता ती त्याला खरी वाटायला लागली. बायको जाऊन आली आहे, तिने सगळं पाहिलं आहे, इतकं आवडलं की हलायला तयार नव्हती. मग पुन्हा कशाला न्यायचं? मंगळवारी बस धुवायला असायची, काकांना सुट्टी असायची. पण सहा दिवस तो रस्ता चढून उतरलेल्या माणसाला सातव्या दिवशी तोच रस्ता नको वाटणार, हे कुणालाही पटेल. आणि बाकीच्या दिवशी चार वाजता मावशीला फाटकाशी असणं भाग होतं. पत्रकात छापलं होतं ना.

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. गाडीची हवा तपासली, काच पुसली आणि मावशीला म्हणाले, "उद्या जाऊ."

गाडी म्हणजे निवृत्तीनंतर घेतलेली जुनी, लहानशी, राखाडी रंगाची. सकाळी पाचला उठून मावशीने आधी झाडांना पाणी घातलं. मी म्हटलं, मी घालते, तू आवर. तर म्हणाली, तू डेलियाच्या बुडाशी धार सोडतेस, कंद उघडे पडतात. मग तिने डबा भरला, काठी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी मागे. फाटकावर मी पुठ्ठ्याची पाटी अडकवली, 'आज बाग बंद'. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

दिवस लख्ख होता. पूल आला तशी मावशीने खाली नदी पाहिली आणि नदीची खोली सांगून टाकली. बोगद्याच्या तोंडाशी म्हणाली, "साडेचार वर्षं."  तिला सगळं भाषण तोंडपाठ होतं. त्या पहिल्या उन्हाळ्यात रोज तिने दाढीच्या आरशामागून ते ऐकलं होतं. सातव्या वळणावर तिने आपण होऊन डावीकडे पाहिलं.

तिथे दरी एकदम उघडते. समोर तीन शिखरं, त्यांच्या खांद्यावरून उतरलेला बर्फ, खाली हिरव्यावर हिरवं आणि त्यातून दोऱ्यासारखी नदी. काकांनी गाडी कडेला घेतली. मावशी बराच वेळ काचेतून बघत राहिली, मग काच खाली करून बघत राहिली.

"मला वाटायचं, तुम्ही लोकांना वाढवून सांगता," ती म्हणाली.

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

पुढे तिने दोनदा गाडी थांबवली, दोन्ही वेळा भलत्याच ठिकाणी. एकदा संरक्षक भिंतीपाशी, कारण भिंतीच्या फटीतून पिवळ्या फुलांचं झाड आलं होतं. ती खाली उतरून वाकून बघायला लागली. "हे तर आपल्या नळापाशी येतं तेच. मी उपटून टाकते. इथे बघा याला केवढा दांडा आलाय." काका म्हणाले की या भिंतीजवळून ते हजारो वेळा गेलेत, पण तिच्यावर काही उगवतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा तळ्याच्या अलीकडे, तिथली माती काळी होती म्हणून. तिने एका पिशवीत ओंजळभर घेतली. ती खुशीत होती. मीही. गाडीत हसणं-बोलणं चाललं होतं आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना, झालं.

मग कुरणाचा पायथा आला.

पायऱ्या होत्या तशाच होत्या, ओबडधोबड, काही गुडघ्याला येतील अशा. खालून कुरण दिसत नाही. दिसते ती वाकडी होत गेलेली चढण आणि तिच्या टोकाला आभाळ. मावशी काठी घेऊन निघाली. काका एका बाजूला, मी एका बाजूला. दहा-बारा पायऱ्या ती चढली असेल. एका दगडावर टेकली, घाम पुसला, पुन्हा उठली. आणखी चार पायऱ्या. मग तिने काठी दगडाला टेकवून ठेवली.

"नाही व्हायचं," ती म्हणाली.

काका म्हणाले, मी उचलून नेतो. ते बासष्ट वर्षांचे होते आणि गंमत करत नव्हते. मावशी हसली. "आणि तुमची कंबर कोण उचलणार?" मग माझा हात धरून ती हळूहळू खाली आली, गाडीचं दार उघडून, पाय बाहेर सोडून सीटवर बसली आणि काकांना म्हणाली, "तुम्ही जाऊन या. फुलं तोडू नका. फक्त बघून या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी इथेच बसते. ते एकटेच निघाले. ते वळणाआड जाईपर्यंत मावशी त्यांच्याकडे बघत होती.

आम्ही दोघी दोन तास तिथे बसलो. माणसं येत होती, वर जात होती, वरून उतरणारी फोटो एकमेकांना दाखवत होती. तेव्हा मावशीने मला तो पहिल्या उन्हाळ्याचा दिवस सांगितला. पायऱ्या चढायच्या म्हणून तिने कॅनव्हासचे नवे बूट घेतले होते, आयुष्यातले पहिले. पुढची सीट होती. बस सुटायला पाच मिनिटं असताना एक कुटुंब धावत आलं आणि त्यांना एक जागा कमी पडत होती. मालक खिडकीशी येऊन काकांच्या कानाला लागले. काका नोकरीत नवे, नाही म्हणायची सोय नव्हती, पण बायकोला ऊठ म्हणायचा धीरही होईना. ते नुसते स्टिअरिंग पुसत बसले. तेव्हा ती आपणच उठली. म्हणाली, मी पुढच्या आठवड्यात जाईन. "त्यांनी माझ्याकडे असं बघितलं म्हणून सांगू," मावशी म्हणाली, "जसं काही मी त्यांचा जीव वाचवला." ती घरी चालत आली. ते बूट तिने बागेत वापरून फाडले.

मी विचारलं, पुढच्या आठवड्याचं काय झालं? ती म्हणाली, बस भरलेली होती. त्याच्या पुढच्याही. मग बाग झाली.

काका उतरले तेव्हा त्यांचा शर्ट ओला झाला होता आणि बुटांना चिखल होता. गाडीसमोरच्या बुटक्या कट्ट्यावर ते बसले. मावशीने त्यांना पाणी दिलं. त्यांचा श्वास खाली बसू दिला. मग म्हणाली, "आता सांगा."

काकांनी घसा साफ केला. "समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांवर पसरलेलं हे..."

"ते मला पाठ आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

काका हातातली पाण्याची बाटली फिरवत बसले. मला तेव्हा कळलं, आणि नंतर त्यांनी स्वतःही कबूल केलं, की सत्तावीस उन्हाळ्यांत ते फार तर तीन-चार वेळा वर गेले होते, तेही सुरुवातीला. प्रवासी वर असायचे तेव्हा ते बसच्या सावलीत इतर ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायचे नाहीतर काच पुसायचे. भाषण त्यांचं नव्हतंच. मालकांनी टाइप करून दिलं होतं.

"वर वारा आहे," ते हळूहळू म्हणाले. "फुलं उंच नाहीत. गुडघ्याच्या खालीच. मला वाटत होतं कमरेएवढी असतील. लांबून सगळं निळं दिसतं, पण जवळ गेलो तर निळं नाही. जांभळट आहे. आत मध्ये पांढरं. तू ते कोपऱ्यात लावतेस ना, तसं, पण लहान." ते थांबले. बोटांनी काहीतरी दाखवायला गेले, जमलं नाही. "एके ठिकाणी अजून बर्फ आहे, मळका. त्याच्या कडेची अजून उमललेली नाहीत. नुसते कोंब. आणि पाणी वाहतं सगळीकडून, दिसत नाही, पण पाय बुडतो."

"माती कशी आहे?"

"काळी. नाही, तपकिरी. मी नीट..."

"वास येतो का?"

 काकांनी वास घेतला नव्हता. त्यांनी पाण्याची बाटली कट्ट्यावर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "थांब. मी परत जाऊन येतो."

ते खरंच निघाले होते. एक पाऊल टाकलंही होतं. मावशीने गाडीतूनच त्यांच्या बाहीला धरलं.

"बसा," ती म्हणाली. "डबा खाऊन घ्या."

काका बसले. त्यांनी डबा हातात घेतला आणि झाकण न उघडता तसाच मांडीवर धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

 परतताना गावात शिरलो तेव्हा आमच्यापुढे चारची बस होती. ती आमच्या फाटकाशी थांबली, पाटी वाचली आणि निघून गेली. त्या आठवड्यातच मावशीने मालकांना निरोप पाठवला की बागेचा थांबा आता बंद करा. मालक स्वतः आले, बसून चहा प्यायले, पुष्कळ आर्जवं केली. मावशी म्हणाली, दुपारी मला झोप येते. एवढंच. मालकांनी पुढच्या वर्षी पत्रक बदललं.

मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. गुडघे बदलता येतील का विचारलं. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षांपूर्वी आल्या असत्या तर विचारच करायला नको होता, आता हृदय साथ देणार नाही. काका बाहेर बाकावर बसले होते. त्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्यानंतर दोन उन्हाळे ते दोघं दर आठवड्याला गाडी काढून जायचे, चाकं जातील तिथपर्यंत. तळ्याकाठी जाऊन बसायचे. मावशीला तळं आवडलं. कुरणाचं नाव ती काढायची नाही. एकदा काकांनी तिला न सांगता चार हमाल आणि एक वेताची खुर्ची ठरवली आणि पायथ्याशी नेऊन उभी केली. मावशीने खुर्चीकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी वरात काढू नका." काकांनी पुष्कळ विनवलं. ती गाडीतून उतरली नाही. त्या दिवशी त्यांचं भांडण झालं, लग्नानंतरचं पहिलं मोठं, असं मावशीच मला फोनवर सांगत होती. आणि तिचा आवाज रागावलेला नव्हता, उलट जरा टवटवीतच होता.

मी तिला तेव्हा विचारलं, की इतकी वर्षं तुला काकांचा राग नाही आला? 

"राग नव्हता गं," ती म्हणाली. "राग असता तर भांडून गेले असते. समजूतदारपणा केला. तेच माझं चुकलं."

गेल्या महिन्यात मी जाऊन आले. मावशी आता पायरीवरच्या खुर्चीतून फारशी उठत नाही. बाग काका बघतात आणि वाईट बघतात. रोपं जवळ जवळ लावतात, पाणी जास्त घालतात, गुलाबाची छाटणी करताना स्वतःलाच कापून घेतात. मावशी खुर्चीतून सांगत असते, अहो तो नव्हे, डावीकडचा, आणि ते निमूटपणे डावीकडे सरकतात. निम्मी जागा त्यांनी मोकळीच सोडली आहे, कारण दोघांनाही आता झेपत नाही.

निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन बाहेर आले तेव्हा काका नळाखाली हात धूत होते. मावशीला ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, "लोकांना वाटतं मी नेलं नाही. तसं नाही गं. तिला न्यायचं राहिलंय हे माझ्या लक्षातच नव्हतं."   त्यांनी नळ बंद केला, हात शर्टाला पुसले आणि माझी बॅग उचलून मला स्टँडपर्यंत सोडायला आले.